लाल गोलाच्या आत

३ नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टरांनी दोन गोळ्या आणि एक उपाय सांगितला. रोज हाताने पानभर लिहायचं. तीस वर्षं कीबोर्ड बडवून उजव्या हाताची दोन बोटं बधिर झाली आहेत, ती पेन धरल्याने सुटतील म्हणे. घरात औषध कंपनीची गेल्या वर्षीची कोरी डायरी सापडली. वार जुळत नाहीत, ते खोडून लिहिणार. काय लिहायचं ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. म्हणून जे घडेल ते.

मी कुंदा. वय बावन्न. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये धर्मेशभाईंच्या छापखान्यात टायपिंग आणि मुद्रितशोधन करायचे. साप्ताहिक निघायचं, लग्नपत्रिका निघायच्या, वर्षातून एक दिवाळी अंक निघायचा. अंकात गुन्हेकथाच जास्त, त्याच खपायच्या. हिशेब केला तर मी निदान दोनशे खून टाइप केले असतील. सुरी, दोर, विष, एकदा तर वरवंटा. हात कधी थरथरला नाही. उलट लेखकाने खून घाईत उरकला की मला राग यायचा आणि दोन ओळी मीच वाढवायचे. लेखकांनी कधी तक्रार केली नाही.

ऑगस्टमध्ये साप्ताहिक बंद झालं आणि त्याच दोन खोल्यांत ‘नाक्यावर लाइव्ह’ सुरू झालं. यूट्यूबवरचं न्यूज चॅनल. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर, तिन्हीकडच्या बातम्या. धर्मेशभाईंना वाटलं बाई आता घरी बसेल. मी तीन आठवड्यांत व्हिडिओ कापायला शिकले. वरची पट्टी, खालची पट्टी, मथळा, सगळं माझं. बाकीच्या चॅनलांवर धड एक वाक्य शुद्ध नसतं. आमच्याकडे चूक दाखवा म्हणावं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज माझ्या गोलाचं कौतुक झालं.

अंबरनाथ एमआयडीसीच्या गेटबाहेरून मोटरसायकल चोरीला गेली, त्याचं सीसीटीव्ही आलं होतं. सकाळी तसंच टाकलं, दुपारपर्यंत चारशे लोकांनी पाहिलं. मग मी चोराभोवती लाल गोल काढला, एक बाण दिला आणि पुन्हा टाकलं. संध्याकाळपर्यंत अकरा हजार. धर्मेशभाईंनी सगळ्यांना दाल-पकवान मागवलं. म्हणाले, “कुंदाजी का गोला लकी है.”

लकी-बिकी काही नाही, त्यामागे विचार आहे. पडद्यावर दहा माणसं हलत असतात. कोणाकडे बघायचं ते माणसाला सांगावं लागतं. गोल नसला की लोक बघतच नाहीत. दुसरी गोष्ट प्रश्नचिन्ह. ‘हा चोर आहे’ असं लिहिलं तर आपण अडकतो. ‘कोण आहे हा?’ असं लिहिलं की आपण फक्त विचारलं. हे मला साप्ताहिकापासून माहीत आहे.

घरी आल्यावर नवऱ्याला, नरेंद्रला सांगितलं. तो दुसऱ्या पाळीला निघाला होता, म्हणाला, तू आता मोठी पत्रकार झालीस. चिडवत होता, पण बरं वाटलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज काही घडलं नाही. पान भरायचं म्हणून नाथामामांबद्दल लिहिते.

आम्ही बदलापूरजवळच्या खरवईला राहायला आलो त्याला सहा वर्षं झाली. बिल्डिंग उभी आहे तिथे नाथामामांचं भाताचं खाचर होतं. पार्किंगमध्ये जो तिरका चढ आहे तो त्यांचा बांध, बिल्डरला तो सपाट करता आला नाही. जमीन गेली, तीन म्हशी राहिल्या. मामा सकाळी पोतं घेऊन चारही मजले चढतात आणि ज्याने त्याने दाराबाहेर ठेवलेल्या शिळ्या चपात्या, भाजीची देठं, सालं गोळा करतात. आमचा निळा डबा आहे. साडेसातला झाकण वाजतं. मी तेव्हा पोळपाटाशी असते, आतूनच विचारते, “मामा, घेतलंत का?” ते बाहेरून “घेतला, ताई” म्हणतात. मग त्यांचा डावा पाय ओढल्याचा आवाज जिन्यात ऐकू येतो. झाडावरून पडले होते कधीतरी.

दसऱ्याला रखमामामी खरवस घेऊन आल्या होत्या. सोसायटीत पुष्कळ जणांना दिला नाही, आम्हाला दिला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज नाकी नऊ आले, पण दिवस आपला होता.

चारच्या सुमारास खरवईतून फोन. पलीकडच्या कॉम्प्लेक्समधला सोनू नावाचा सहा वर्षांचा मुलगा तीन वाजल्यापासून सापडत नाही. आधीच महिनाभर मोबाइलवर मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरतायत. त्याची आई पायल, तिचा रडतानाचा व्हिडिओ आला. मागोमाग कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातलं सीसीटीव्ही आलं. बावन्न सेकंदांचं. रस्त्यावर ऊन, डोक्यावर पोतं घेतलेला एक माणूस पाठमोरा चाललाय, बाजूला मुलगा. मग तो माणूस मुलाच्या खांद्यावर हात ठेवतो. पुढे टेम्पो आडवा येतो आणि मग ते नुसते उभे आहेत. धर्मेशभाई मागे उभे राहून “जल्दी, जल्दी” करत होते, दुसऱ्या चॅनलकडेही क्लिप गेली होती. मी खांद्यावर हात ठेवतानाची अकरा सेकंदं घेतली, बाकीचं काढून टाकलं. तीनदा फिरवली, तिसऱ्यांदा संथ. गोल. बाण. मथळा दिला, ‘खरवईत चिमुकल्याला नेणारा ‘तो’ कोण?’ खाली पट्टी, ‘पाय ओढत चालणाऱ्या संशयिताचा शोध.’ पाय ओढतोय हे फक्त माझ्या लक्षात आलं, दुसऱ्या चॅनलने तेही दिलं नाही. चार पन्नासला आपला व्हिडिओ लागला, सगळ्यांच्या आधी.

साडेसहाला मुलगा सापडला. मित्राच्या गच्चीवर पतंग करत बसला होता. देवाची कृपा. ‘सोनू सुखरूप’ असा छोटा व्हिडिओ टाकून निघाले. पहिला काढायचा का विचारलं तर धर्मेशभाई म्हणाले, सत्तर हजार झालेत, चालत्या गाडीला कोण ब्रेक मारतं. खाली ‘सुखरूप’ लिहू या.

नरेंद्रने पहिला व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, ‘आमच्या सौंचं काम’ असं लिहून. रात्रीच्या जेवणाला मेथीच्या चपात्या केल्या. चार उरल्या.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी झाकण वाजलं. मी आतून म्हटलं, “मामा, आज मेथीच्या आहेत.” ते म्हणाले, “म्हशींची मजाच हाय मग.”

ऑफिसला पोचले तर कालचा व्हिडिओ एक लाख ऐंशी हजारांवर. ‘सोनू सुखरूप’ नऊशे. लोकांना सुखरूप नको असतं, हे मी तीस वर्षं बघतेय. वॉर्डातून निवडणुकीला उभं राहायला निघालेल्या महेंद्र नावाच्या गृहस्थांनी आमची क्लिप आपल्या फोटोसकट फिरवली, ‘आपल्या मुलांसाठी आम्ही जागे आहोत.’ आमचं नाव कापून. धर्मेशभाई त्यांना फोन करून भांडले.

दहाला नवीन व्हिडिओ आला. कालच्या त्या संशयिताला आज सकाळी रिक्षा स्टँडजवळ लोकांनी पकडलं आणि मारलं. वीस-पंचवीस जण. एकाच्या हातात हेल्मेट. माणूस खाली, हात डोक्यावर. रक्त दिसलं की यूट्यूब व्हिडिओ अडवतं, म्हणून मी त्याच्या सबंध चेहऱ्यावर धूसर ठिपका टाकला आणि तो हलेल तसा हलवत नेला. त्याच्याच भल्याचं आहे, चेहरा तर दिसत नाही. पोतं फाटलं होतं, त्यातून कचरा पडत होता. देठं, सालं, चपात्यांचे तुकडे. एक हिरवट चपाती रिक्षाच्या चाकाखाली आली. पोत्यात काय होतं ते लोकांना बघायचं असणार, म्हणून पोत्याभोवती गोल काढला.

डोकं दुखत होतं, लवकर निघाले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

झाकण वाजलं नाही. आठला दार उघडलं तर डबा तसाच. मी डब्याकडे बघत किती वेळ उभी होते कोण जाणे.

खाली वॉचमन संतोषला विचारलं, मामा आले नाहीत का. तो माझ्याकडे बघतच राहिला. “मॅडम, तुम्हाला माहीत नाय? तुमच्याच चॅनलवर तर आलं.”

ऑफिसला गेले नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

गेले. सगळ्यांच्या आधी गेले आणि कच्च्या क्लिपांच्या फोल्डरमधून बावन्न सेकंदं काढून पाहिली. टेम्पो आडवा येतो. टेम्पो जातो. माणूस डोक्यावरचं पोतं खाली उतरवतो, मुलासमोर उकिडवा बसतो. हात लांब करून मागचा रस्ता दाखवतो. मुलगा मान हलवत नाही, हा पुन्हा दाखवतो. मग मुलगा उलटा घराकडे चालायला लागतो. माणूस उठतो, पोतं उचलत नाही. मुलगा रस्ता ओलांडून जाईपर्यंत कमरेवर हात ठेवून उभा राहतो. तेव्हा त्याचं तोंड कॅमेऱ्याकडे आहे. ऊन तोंडावर आहे. नाथामामा आहेत, शंकाच नाही. माझ्या अकरा सेकंदांच्या पुढे सगळं आहे.

एकदा नाही, सहा वेळा पाहिली.

खरं लिहायचं तर बुधवारीच कळलं होतं. कळू दिलं नाही. कोणत्या घरच्या चपात्या हिरव्या असतात ते मला माहीत नसेल तर कोणाला असेल?

धर्मेशभाई आल्यावर त्यांना दाखवलं. ते वाईट नाहीत, खुर्चीत बसलेच एकदम. मी म्हटलं, ही सगळी क्लिप टाकू या आणि पोलिसांनाही देऊ या. त्यांनी दार लावून घेतलं. त्यांचं म्हणणं असं की क्लिप दिली म्हणजे ती आपल्याकडे होती हे कबूल केलं, मग कापली कोणी हा प्रश्न येणार, आणि कापणाऱ्या तुम्ही आहात. वर म्हणाले, “कुंदाजी, आपने तो सिर्फ सवाल पूछा था. ‘तो कोण?’ सवाल पूछना कोई गुनाह नहीं है.”

हे वाक्य मीच त्यांना शिकवलं होतं. ते ऐकून मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

१६ नोव्हेंबर, रविवार

उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यात गेले. नरेंद्र नको म्हणत होता. आपल्याला इथेच राहायचंय, म्हणाला, आणि मारणाऱ्यांत आपल्याच भागातली पोरं आहेत, उगाच दोन्हीकडून वाईट कशाला व्हायचं. मी म्हटलं, नुसती बघून येते. तूच तर टाकलास ना ग्रुपवर, असंही म्हणाले. मला तरी कुठे बोलण्याचा अधिकार आहे?

सोबत चार शहाळी घेतली. मामा झोपेत होते. डोक्याला पट्टी, डावा कान सुजलेला, तोंड ओळखू येत नव्हतं. रखमामामी पलंगाखाली सतरंजीवर बसल्या होत्या. मला बघून रडायला लागल्या. सोसायटीतून मी एकटीच आले म्हणाल्या. माझा हात धरून बाजूच्या बाईला सांगितलं, “या ताई रोज म्हशींना चपात्या ठेवतान.”

मग त्यांनी मला एक काम सांगितलं. मामा शुद्धीवर आले तेव्हा म्हणाले, पोराला मी घरी परत पाठवलं, म्हशीचं रेडकू बघायचं म्हणून माझ्या मागे लागला होता. पण कोणी ऐकत नाही. गावातले भाऊबंदसुद्धा म्हणतात, काहीतरी असल्याशिवाय लोक मारत नाहीत. पोलिसांनी हार्डवेअरवाल्याकडे विचारलं, त्याच्या मशीनमध्ये जुनं पुसून नवं चढतं, ती क्लिप गेली. “तुमी चॅनलवर कामाला हाव ना, ताई. तुमच्याकडं कुटं सगळा फोटू असंल तं बगा. हे चोर नायत, येवढाच दिसू दे लोकांना.”

मी म्हटलं, “बघते, मामी.”

बघते म्हटलं. सहा वेळा पाहून आलेली बाई ‘बघते’ म्हणाली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

क्लिप पेन ड्राइव्हवर घेतली. तांदळाच्या डब्यात ठेवली आहे. उद्या पोलीस ठाण्यात जाईन.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

गेले नाही. बोटं फार दुखत होती.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पोलीस ठाण्याच्या समोरच्या बाजूला पाऊण तास उभी होते. एक चहा घेतला. मनात वाक्यं जुळवत होते. ‘ही क्लिप मला मिळाली’ म्हणू की ‘आमच्याकडे होती’ म्हणू. ‘कापली गेली’ म्हणू की ‘कापली’. इतकी वर्षं दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त केली आणि स्वतःचं एक सरळ वाक्य जमेना. परत आले.

सोसायटीच्या गेटवर नवीन बोर्ड लागलाय. फेरीवाले, भंगारवाले, अन्न गोळा करणारे यांना प्रवेश बंद. कमिटीने एकमताने ठराव केला. त्यात आमचीही सही आहे, नरेंद्रने केली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सोनूची आई पायल खाली दुकानात भेटली. मी कोण ते तिला माहीत नाही. दुकानदाराला सांगत होती की सोनू तीन दिवस एकच धोशा लावून बसलाय, म्हशीवाले आजोबा कुठे गेले. मी विचारलं, त्याला कोणी विचारलं का त्या दिवशी काय झालं? ती म्हणाली, लहान आहे हो, त्याला काय कळतंय.

धर्मेशभाईंनी आठवण करून दिली की उद्या चौथा शनिवार, कच्चा फोल्डर साफ करायचा. तो दर पंधरवड्याला मीच साफ करते. या वेळी त्यांनी दोनदा आठवण करून दिली.

२२ नोव्हेंबर, शनिवार

फोल्डर साफ केला नाही. त्यातली रिक्षा स्टँडवरची मूळ क्लिपही घेतली, धूसर ठिपका टाकण्याआधीची. मग मी धर्मेशभाईंना सांगितलं की मी सोमवारी पोलिसांकडे जाते आहे, आणि आपलं चॅनल पूर्ण क्लिप टाकणार आहे की नाही ते आज ठरवा. आवाज चढला माझा. ते उठून काचेपाशी गेले. मग म्हणाले, त्यांचे वडील फाळणीत आले तेव्हा स्टेशनवर कोणीतरी बोट दाखवून ‘हा चोर’ म्हटलं होतं, वडील मरेपर्यंत ते सांगायचे. एवढं बोलून म्हणाले, “डाल दो. लेकिन माफी-वाफी मत लिखना.”

२४ नोव्हेंबर, सोमवार

दिलं. ‘मी कापली’ असंच म्हणाले. जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही वापरलं नाही.

ठाण्यातले साहेब वयाने लहान होते, नीट वागले. जबाब घेतला, दोन्ही क्लिपा घेतल्या. मारणाऱ्यांपैकी चार जणांची तोंडं माझ्या मूळ क्लिपमध्ये स्पष्ट आहेत. मलाही पुन्हा बोलावतील, वकील बघून ठेवा म्हणाले. सह्या झाल्यावर मी उठले तेव्हा त्यांनी विचारलं, “मॅडम, चौदा तारखेला पाहिलीत ना तुम्ही ही?” मी हो म्हटलं. ते पुढे काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

पूर्ण क्लिप सोमवारी संध्याकाळी टाकली. बावन्न सेकंदं, एकही कट नाही, गोल नाही, बाण नाही. मथळा, ‘नाथामामांनी मुलाला घरी परत पाठवलं होतं.’ प्रश्नचिन्ह नाही. आज तीन दिवसांनी दोनशे बारा लोकांनी पाहिलंय. त्यात निदान वीस वेळा मीच.

सोसायटीच्या ग्रुपवर नरेंद्रला टाकायला सांगितलं. त्याने टाकली. कोणी काही लिहिलं नाही. खाली लगेच पाण्याच्या टँकरचा मेसेज आला.

लोक अजून पहिलीच क्लिप एकमेकांना पाठवतायत. काल मावसबहिणीने अंबरनाथहून मलाच पाठवली, ‘मुलांना जपा’ म्हणून. चॅनलवरून सोमवारीच काढली तरी फोनाफोनांतून ती फिरतेच आहे. माझा गोल तिच्यात तसाच आहे, फक्त पाठवून पाठवून फिका झालाय.

३० नोव्हेंबर, रविवार

संतोषकडून कळलं, मामांना घरी आणलं. सकाळपासून जायचं जायचं करत होते. गेले नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

आज गेले. जे झालं ते क्रमाने लिहिते.

जाताना सवयीने चपात्या घेतल्या, चार दिवसांच्या साठल्या होत्या. गावठाणातलं त्यांचं घर मी सहा वर्षांत कधी बघितलं नव्हतं, आमच्या गॅलरीतून त्याचं छप्पर दिसतं. अंगणात पोचले तर गोठा रिकामा. शेणाचा वाससुद्धा उडायला लागला होता. तीन खुंटे, एका खुंट्याला दावं. रखमामामी बाहेर आल्या, माझ्या हातातली पिशवी बघून म्हणाल्या, म्हशी वीस तारखेला दिल्या. गवत कापायला माणूस नाही, सोसायट्यांनी गेट बंद केलं, पेंढ्यावर किती दिवस काढणार. रेडकूही आईबरोबर गेलं. “आता कुनाला घालू ह्या, ताई?” असं म्हणून त्यांनी पिशवी तरीही घेतली.

वीस तारखेला पेन ड्राइव्ह माझ्या तांदळाच्या डब्यात होता. सतराला तिथे ठेवला होता. एकोणिसाला मी चहा पीत उभी होते. हे मी घरी येऊन तीनदा मोजलं.

मामा ओटीवर बाजेवर बसले होते. डाव्या कानाने आता ऐकू येत नाही, उजव्या बाजूला बसा म्हणाले. तोंडावरची सूज उतरली होती. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि माझ्या लक्षात आलं की त्यांच्या हनुवटीवर तीळ आहे, भुवया पार पांढऱ्या आहेत, खालचे दोन दात नाहीत. हे मला काहीही माहीत नव्हतं.

मामींनी चहा ठेवला. मामांनी नातवाचा मोबाइल पुढे केला, त्यात कोणीतरी पाठवलेली ती अकरा सेकंदं होती. त्यांनी ती किती वेळा पाहिली असेल कोण जाणे, काच त्या जागी बोटांनी मळली होती. म्हणाले, मारताना पोरं हीच दाखवत होती, बघ, तूच आहेस ना, बघ. मी म्हणत होतो, मीच आहे, पण पुढचं बघा ना. मग त्यांनी बोट ठेवून मला विचारलं, “ह्यो लाल कसला हाय, ताई? असा मीच कामून घेरलेला? बाकी मानसांना नाय.”

मी सांगितलं. सरळ सांगितलं. “तो मी काढला, मामा. मी ऑफिसात बसून काढला. आणि पाय ओढत चालणारा हेही मीच लिहिलं. पुढची क्लिप मीच कापली. आणि ती माझ्याकडे होती तरी दहा दिवस दिली नाही.” हात जोडले. आत मामींनी हातातलं भांडं ठेवल्याचा आवाज आला.

मामा चिडले असते, हाकलून दिलं असतं, मामींनी चहा अंगावर फेकला असता तरी मी उभी राहिले असते. त्यासाठीच गेले होते, असं आता वाटतं. तसं काही झालं नाही. मामा मोबाइलकडे बघत राहिले. ते रागावलेले दिसत नव्हते. काहीतरी समजून घ्यायचा प्रयत्न करत होते, हिशेब लागत नव्हता त्यांना.

“म्हंजे तवा तुमी मना वळखला नाय?”

“नाही, मामा.”

मोबाइल बाजेवर ठेवून म्हणाले, “रोज तं तुमच्याच दारान येत व्हतो.”

मी उठले. मामी बाहेर आल्या नाहीत. चहा तसाच राहिला.

डबा अजून दाराबाहेर आहे. नरेंद्र म्हणाला, आता आत घे, मुंग्या लागतात. घ्यायला हवा.